रंग गिऱ्हाइकाला नको, कामाला द्या: घरातल्या ऑफिसची मांडणी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी छोट्या कारखानदारांचे हिशेब लिहिते आणि त्यांची जीएसटीची रिटर्नं भरते. खोली दहा बाय आठ. २०२० साली भाड्याचं ऑफिस सोडून काम घरी आणलं तेव्हा पहिल्याच रविवारी मी रंगीत फायली आणल्या. चौदा गिऱ्हाइकं होती, म्हणून चौदा रंग. गडद निळी एकाची, आकाशी दुसऱ्याची, पोपटी तिसऱ्याची. कपाट दिसायला सुरेख झालं. तीन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचं रिटर्न राहून गेलं. फाइल पोपटी होती, जागेवर होती, सुरेख दिसत होती. तिच्यातलं काम अर्धं राहिलंय हे मात्र तिच्या रंगानं मला सांगितलं नाही. जीएसटीआर-३बीला, म्हणजे कर भरायच्या रिटर्नला, उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, कर शून्य असला तर २०. ती मी माझ्या खिशातून भरली. रकमेपेक्षा चूक जास्त लागली.

उत्तर मिळालं ते उद्यमनगरात, एका गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये. तिथं फाउंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यासाठी, लागणारे लाकडी पॅटर्न भिंतीला लावून ठेवलेले असतात. ज्यावरून साचा बनतो तो नमुना म्हणजे पॅटर्न. पॅटर्नला रंग देण्याची जुनी रीत आहे. ज्या पृष्ठभागावर पुढं मशिनिंग करायचंय तो लाल, जो ओतल्यावर तसाच ठेवायचा तो काळा, कोअर, म्हणजे आत पोकळी ठेवणारा गाभा, जिथं बसतो ती जागा पिवळी. ठिकठिकाणी यात थोडाफार फरक असतो, पण विचार तोच. माल कुणाचा आहे हे तो रंग सांगत नाही, या जागेचं पुढं काय करायचंय ते सांगतो. गिऱ्हाइकाचं नाव पॅटर्नवर अक्षरांत लिहिलेलं असतं. नाव वाचायला, रंग कृतीला. घरी येऊन मी चौदाही फायली रिकाम्या केल्या.

पुढं जे सांगते आहे ते त्यानंतर घडत घडत बसलेलं आहे. तुमचं काम हिशेबाचं नसेल, तुम्ही भाषांतर करत असाल, शिकवण्या घेत असाल, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकत असाल, तरी पायऱ्या याच लागू पडतील.

आधी आठवडाभर नुसतं बघा

खरेदीला लगेच जाऊ नका. टेबलावर एक कोरी वही ठेवा. एखादी वस्तू किंवा कागद शोधायला थांबावं लागलं की एका ओळीत लिहा: काय शोधलं, कुठं सापडलं. माझ्या वहीत आठवड्याअखेर दिसलं की फाइल शोधण्यात माझा वेळ फारसा जात नव्हता. वेळ जात होता तो “याचं कुठवर आलंय?” हे आठवण्यात. फाइल उघडायची, चाळायची, बँकेचं स्टेटमेंट आलेलं नाही हे लक्षात यायचं, फोन करायचा, फाइल मिटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तुमच्या वहीत वेगळं निघेल. कुणाला वस्तूच सापडत नसतील, कुणाला कुरिअरची पाकिटं आणि परत आलेला माल यांत घोळ होत असेल. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा लिहिला गेला असेल त्याचंच उत्तर रंगानं द्यायचं. एकाच प्रश्नाचं. दोन प्रश्नांना एकाच खोलीत रंग दिले की निळा म्हणजे नक्की काय, हा तिसरा प्रश्न उभा राहतो.

मग खोली बिनरंगी करा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथंच सगळं फसतं. रंग डोळ्याला दिसतो तो आजूबाजूला रंग नसतो म्हणून. टेबलावर मुलाचे स्केचपेन, भेट मिळालेलं झगझगीत कॅलेंडर, लाल पेनस्टँड आणि हिरवा माउसपॅड असेल तर पिवळी क्लिप त्या गर्दीत हरवते. मी सगळ्या फायली पांढऱ्या किंवा पारदर्शक केल्या. पेनस्टँड स्टीलचा, म्हणजे स्वयंपाकघरातला जुना ग्लास. कॅलेंडर दाराच्या मागं गेलं. देवीचा फोटो होता तिथंच आहे, कारण त्या भिंतीवर कामाचं काही नाही.

फायलींवर नाव काळ्या मार्करनं, मोठ्या अक्षरांत, मराठीत. रचना अकारविल्हे. वर्षालाही रंग नको, आकडाच द्या: २०२४-२५, २०२५-२६. जीएसटीचे हिशेब आणि कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे २०२४-२५ चे कागद, ३१ डिसेंबर २०२५ धरून, ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. प्रत्येक वर्षाला रंग द्यायचा म्हटलं तर कपाटात सात-आठ रंग त्यातच संपतील. आपल्याकडं जुनी दप्तरं रुमालात बांधून ठेवायचे, कापड बहुतेक एकाच रंगाचं, आणि आत काय आहे ते चिठ्ठीवर. साठवणीच्या कागदाला तेवढं पुरतं.

उजेड

घरातल्या ऑफिसचा रंग म्हटलं की लोक भिंतीपासून सुरुवात करतात. मी उजेडापासून करा म्हणते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ असं भरून येतं की दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागतो. त्या दिव्यात तुमचे रंग वेगळे दिसले नाहीत तर बाकी सगळी मेहनत वाया गेली.

बल्बच्या किंवा ट्यूबच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, दिवाणखान्यातला. त्यात पांढरा, फिकट पिवळा आणि बदामी जवळजवळ सारखे दिसतात, आणि निळा काळपट पडतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, बहुतेक घरांतल्या ट्यूबचा. रंग ओळखू येतात, पण रात्री उशिरापर्यंत त्यात बसणं मला तरी जड जातं. ४००० च्या आसपासचा दिवा मला सगळ्यात सोयीचा वाटला. खोक्यावर सीआरआय असाही एक आकडा असतो. तो ८० च्या वर हवा, ९० मिळाला तर उत्तम. रंग किती खरे दिसतील याचं ते माप आहे.

टेबल असं ठेवा की खिडकी बाजूला येईल. समोर खिडकी असली तर डोळे दिपतात, पाठीमागं असली तर ती स्क्रीनवर चमकते. उत्तरेची खिडकी मिळाली तर सोडू नका. कलापूर म्हणवणाऱ्या या गावातल्या कुणाही चित्रकाराला विचारा, थेट ऊन न येणारा उत्तरेचा उजेड दिवसभर कमी बदलतो, म्हणून रंगकामाला तोच पसंत करतात.

एक परीक्षा करा. संध्याकाळी सातला, दिवा लावून, तुम्ही निवडलेल्या रंगांच्या क्लिपा टेबलावर ठेवा आणि दारात उभं राहून बघा. क्षणभरही अडखळलात तर दिवा बदला किंवा रंग बदला.

भिंत

निळ्या भिंतीनं काम भरभर होतं, पिवळ्यानं कल्पना सुचतात, असं ठासून सांगणारे बरेच आहेत. त्यावर मी विसंबत नाही. मी भिंतीकडून दोनच गोष्टी मागते: तिनं उजेड परत द्यावा आणि ती डोळ्यांत घुसू नये. म्हणून फिकट रंग, आणि चकाकणारा नाही तर मॅट.

स्क्रीनच्या मागची भिंत भडक का नको, हे घरी करून बघता येतं. लाल कागदाकडं अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडं. हिरवट-निळसर डाग तरंगताना दिसेल. डोळा त्या रंगाला थकतो आणि उलटा रंग दाखवतो. ऑपरेशन थिएटरमधले कपडे हिरवे-निळे असण्यामागं हेही एक कारण आहे. दिवसभर आकडे बघणाऱ्या माणसाच्या समोर लाल भिंत ठेवणं म्हणजे हा खेळ दर मिनिटाला खेळणं. शिवाय व्हिडिओ कॉलवर भिंतीचा रंग चेहऱ्यावर उतरतो.

आमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. तसं तुमच्याकडं असेल तर आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, आणि रंग दिवाळीच्या आसपास काढा. ओल्या भिंतीवर कितीही भारी इमल्शन मारलं तरी पुढच्या श्रावणात ते फुगणार. भाड्याच्या घरात रंगवता येत नसेल तर स्क्रीनमागं फिकट कापड ताणलेला सॉफ्टबोर्ड पुरे.

तीन रंग, आणि चौथा म्हणजे रंग नसणं

आता गाभ्याची गोष्ट. माझ्याकडं कामाच्या चारच अवस्था आहेत.

पिवळा: कागद यायला सुरुवात झालीय, पण काहीतरी समोरच्याकडून यायचंय. चेंडू त्याच्याकडं आहे.

निळा: सगळं आलंय. आता मी बसून करायचं.

लाल: तारीख दोन दिवसांवर आली. मग कागद अपुरे असोत की पुरे.

बिनरंगी: झालं. क्लिप काढली, फाइल कपाटात.

या शेवटच्या ओळीनं माझं काम बदललं. आधी मी झालेल्या कामाला हिरवा रंग देत होते. महिनाअखेर खोली हिरवीगार व्हायची आणि त्यात राहिलेलं एखादं निळं शोधावं लागायचं. संपलेल्या कामानं डोळ्याला हाक का मारावी? आता जसजसं काम उरकतं तसतशी खोली पांढरी होत जाते. २० तारखेच्या, म्हणजे ३बीच्या शेवटच्या दिवसाच्या, संध्याकाळी टेबलावर रंग दिसला नाही की मी निर्धास्त उठते.

तुमच्या कामात अवस्था वेगळ्या असतील. चपला विकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडं पिवळा म्हणजे ऑर्डर आली पण माप पक्कं नाही, निळा म्हणजे माल तयार, पॅक करायचा, आणि लाल म्हणजे परत आलेला जोड, ज्याचा निर्णय व्हायचाय. शिकवणी घेणाऱ्यानं निळा तपासायच्या पेपरांना द्यावा. पण तीनवर थांबा. चौथा रंग आणायचा मोह झाला तर आधी आहेत त्यातल्या एकाचं काम संपवा. अर्थ आठवायला भिंतीवर तक्ता लावावा लागत असेल तर रंग जास्त झालेत असं समजा.

स्टिकर नको, क्लिप

अवस्था बदलते, म्हणून खूणही बदलता यायला हवी. रंगीत फाइल घेतली की कागद या फायलीतून त्या फायलीत हलवत बसावं लागतं. स्टिकर लावला तर काढताना वर पापुद्रा राहतो, आणि आपल्या पावसाळ्यात कागद सादळले की तो आपणहून गळतो. मला सगळ्यात सोयीच्या वाटल्या त्या रंगीत बाइंडर क्लिपा. पारदर्शक एल फोल्डर, आत कागद, वरच्या काठाला क्लिप. अवस्था बदलली की क्लिप बदलायची, दोन सेकंदांचं काम.

क्लिपची जागाही ठरवून टाका. पिवळी डाव्या कोपऱ्यात, निळी मधे, लाल उजव्या कोपऱ्यात. याचं कारण आमचे मामंजी. मी घरी नसले की गिऱ्हाइकाला फाइल काढून देतात. एकदा त्यांना फोनवर म्हटलं, “लाल क्लिपची द्या,” तर त्यांनी दुसरीच दिली. तेव्हा माझ्याकडं हिरवी क्लिपही होती. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही हे इतक्या वर्षांत आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं, त्यांनाही नाही. हा दोष बहुतेकदा जन्मजात असतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, कारण तो एक्स गुणसूत्रातून येतो. म्हणून लाल-हिरव्याची जोडी एकमेकांसमोर कधीच ठेवू नका. निळा आणि पिवळा बहुतेकांना वेगळे दिसतात. आणि रंगाच्या जोडीला जागा किंवा आकार द्या, म्हणजे रंग ओळखला नाही तरी खूण ओळखेल. आता मी मामंजींना “उजव्या कोपऱ्यातली” एवढंच म्हणते.

उन्हाकडंही लक्ष असू द्या. रंगीत कागदावर रोज ऊन पडलं तर लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा टिकतो. जुनी पोस्टरं निळसर पडलेली दिसतात ती यामुळंच. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या क्लिपा त्या मानानं बऱ्या.

टेबलावर कुठं काय

पिवळं हातापासून लांब, फोनजवळ. कारण पिवळ्याचं काम फोननंच होतं. निळं कीबोर्डच्या डाव्या बाजूला, आडवं, एकावर एक, जुनं वर. लाल आडवं ठेवायचंच नाही. ते उभं, स्टँडमध्ये, स्क्रीनच्या शेजारी, नजर उचलली की दिसेल असं. स्टँडमध्ये पाचच जागा ठेवा. सहावं लाल आलं तर त्या दिवशी नवीन काही हातात घ्यायचं नाही हा माझा नियम आहे.

चार्जर आणि वायरींना ओळखीसाठी टेप लावायची असेल तर प्लगवर नावाची चिठ्ठी लावा. विजेच्या वायरवर रंगीत टेप गुंडाळू नका. आपल्याकडच्या घरगुती वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थिंग अशी रीत आहे, आणि उद्या वायरमन आला तर तो तुमच्या रंगांवर विश्वास ठेवेल.

संगणकावर तेच रंग

कागदावर निळा म्हणजे “मी करायचं” आणि ईमेलमध्ये निळा म्हणजे “बँक” असं झालं की डोकं गोंधळतं. जीमेलच्या लेबलना रंग देता येतो, गूगल ड्राइव्हच्या फोल्डरना देता येतो, कॅलेंडरच्या नोंदींना देता येतो. तिन्हीकडं तेच तीन रंग, त्याच अर्थानं. विंडोजच्या साध्या फोल्डरना मात्र सहजी रंग देता येत नाही. तिथं नावाच्या आधी आकडा लावा: १ लाल, २ निळा, ३ पिवळा. क्रमानं आपोआप वर-खाली लागतात.

एक्सेलमध्ये हातानं खाने रंगवू नका. एक रकाना “अवस्था” नावाचा ठेवा, त्यात नुसतं ला, नि, पि लिहा, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगनं त्या अक्षरावरून ओळ रंगू द्या. हातानं भरलेला रंग मोजायला त्रास होतो. अक्षर लिहिलं की किती निळी, किती पिवळी हे एका सूत्रात कळतं.

कॅलेंडरमध्ये माझ्या कायमच्या तारखा अशा आहेत: ७ ला टीडीएस, ११ ला मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १३ ला तिमाहीवाल्यांचं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी, आणि तिमाही ३बी महाराष्ट्रात २२ ला. या तारखांना मी रंग देत नाही. त्यांच्या दोन दिवस आधीच्या चौकोनाला लाल देते. मुदतवाढ येत-जात असते, तेवढी पोर्टलवर बघून घ्यायची.

पुरासाठी राखून ठेवलेला रंग

हे कोल्हापुरातल्या, आणि विशेषतः शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दुधाळीसारख्या सखल भागातल्या वाचकांसाठी, आणि मी हे पोटतिडकीनं सांगते आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते आपण पाहिलंय. २०२१ ला आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा मी आणि माझे मिस्टर टॉर्चच्या उजेडात कपाटासमोर उभे होतो आणि आधी काय उचलायचं हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं. गिऱ्हाइकांची मूळ कागदपत्रं खालच्या कप्प्यात होती. आधी वरच्या कप्प्यातल्या जुन्या फायली हलवल्या गेल्या, कारण त्या हाताशी होत्या. मूळ कागद वाचले, पण काठाला भिजून.

त्यानंतर केशरी रंग मी बाकी सगळीकडून काढून टाकला आणि फक्त यासाठी ठेवला. तीन रंगांच्या नियमाला हा एकच अपवाद. जे मूळ आहे, ज्याची दुसरी प्रत मिळायला महिने जातील, त्या डब्यावर बोटभर रुंद केशरी पट्टी, आडवी, पुढच्या बाजूला. भागीदारीची करारपत्रं, खरेदीखतं, शॉप ॲक्टचे जुने दाखले, डिजिटल सहीचे टोकन, बॅकअपची हार्ड डिस्क. दाराच्या आतल्या खुंटीला केशरी रंगाची जाड, पाणी न शिरणारी पिशवी, रिकामी, घडी घालून. टॉर्चच्या उजेडात केशरी लांबून उठून दिसतो, हे आम्ही वीज घालवून करून पाहिलं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. आमचा घरचा नियम असा: ३५ फुटांची बातमी आली की केशरी पट्टीचे डबे सगळ्यात वरच्या कप्प्यात. ३९ ला ते पिशवीत आणि पिशवी माडीवर. ४३ ची वाट बघायची नाही. पट्टीच्या डब्यांची संख्या इतकीच ठेवा की एका माणसाला एका खेपेत नेता येतील. आमच्याकडं चार आहेत. पाचवा वाढला तेव्हा मी बसून त्यातलं काय मूळ नाही ते वेगळं केलं.

मामंजींना केशरीही नीट ओळखू येत नाही, पण आडवी पट्टी त्या कपाटात दुसऱ्या कशावरच नाही. तेवढ्यावर त्यांचं भागतं.

शनिवारचा पाव तास

दर शनिवारी दुपारी क्लिपा मोजते. पिवळ्या किती, निळ्या किती, लाल किती, तीन आकडे कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते. निळे वाढत चालले तर मी मागं पडते आहे, मग त्या आठवड्यात नवीन काम घेत नाही. पिवळे वाढले तर दोष माझा नाही, पण फोन करणं माझंच काम आहे. क्लिप लावताना कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकते. सगळ्यात जुनी तारीख असलेली पिवळी फाइल वर काढून ठेवायची, टेबलावर पांढरी चादर टाकायची आणि खोलीचं दार ओढून घ्यायचं. सोमवारी पहिला फोन त्या गिऱ्हाइकाला, “दादा, बँकेचं स्टेटमेंट अजून आलेलं नाही बघा.”